दारामागचं ताट

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो, त्या घराच्या दाराला आतून एक साखळी आहे. साधी स्टीलची, हार्डवेअरच्या दुकानात टांगलेल्या असतात तसली. तिचे स्क्रू मी स्वतः पिळलेत. त्यातला एक तिरका गेलाय. घरी पाहुणे आले की काही ना काही निमित्त काढून मी त्यांना ती साखळी दाखवतो. बायको म्हणते, "लोक फ्लॅट घेतल्यावर पेढे वाटतात, हा साखळी लावली म्हणून वाटेल." वाटायला हवे होते, असं मला अजूनही वाटतं.

ज्यांचं आयुष्य स्वतःच्या घरात गेलं त्यांना यात एवढं काय, ते कळायचं नाही. त्यांच्यासाठी आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, आणि ते फारसं अभिमानाचं नाही.

मी जन्मापासून भाडेकरू. वडील घाटकोपरला आधी एका खोलीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असे राहिले. त्यांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमच्याकडे कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असे, आरसा कपाटाला टेकवलेला, देव टेबलावर. खोली सोडताना वडील मालकाला आत बोलवायचे आणि भिंतीवरून तळहात फिरवून दाखवायचे. "बघा, एक भोक नाही." मालक मान डोलवायचा आणि वडिलांचा चेहरा असा फुलायचा की आम्ही हे घर सोडून चाललोय हे मी विसरून जायचो.

ते हात फिरवणं मी त्यांच्याकडून जसंच्या तसं घेतलं. लग्नानंतर अंधेरी झाली, बोरिवली झाली, आता मुलुंड. यातल्या एकाही भिंतीत माझा खिळा सापडणार नाही. वडील गेल्यावर त्यांचा फोटोसुद्धा मी फ्रिजवर उभा ठेवला. फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की वडील पुढे झुकायचे आणि मुलगी धावत जाऊन त्यांना सरळ करायची. बायकोने एकदा विचारलं होतं, "आपण इथे राहतो की राखण करतो?" मी हसलो होतो. मला तो प्रश्न कौतुकाचा वाटला होता.

आमचे घरमालक सांताक्रूझला राहतात. निवृत्त गृहस्थ, बोलायला मऊ. आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांच्या पत्नीला काकू. घर देताना त्यांनी एक किल्ली स्वतःकडे ठेवली, "असू दे, अडीअडचणीला," आणि एक खालच्या गल्लीतल्या एजंटकडे. मी मान हलवली. लॅच तेच जुनं होतं, आणि दाराला आतून कडी नव्हतीच. आमच्या आधीच्या भाडेकरूंकडे, त्यांच्या कामवाल्या बाईंकडे, अजून कोणाकोणाकडे त्याच्या किल्ल्या असतील हा विचार बायकोने पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवला. मी म्हणालो, "लॅच त्यांचं आहे. आपण कसं बदलायचं?"

शिवाय घराचा माळाही त्यांचाच होता. म्हणजे आमच्या हॉलवरच्या माळ्यावर त्यांचं जुनं सामान होतं, आणि त्यात सगळ्यात मोठं त्यांच्या गणपतीचं मखर. सांताक्रूझच्या घरात ते मावत नाही. त्यामुळे दरवर्षी गणपतीच्या आधी काका-काकू येणार, मखर नेणार, विसर्जनानंतर परत आणून ठेवणार. येताना बेल वाजवायची त्यांना कधी गरज पडली नाही. एकदा बायको भाजी घेऊन घरी आली तर पंखा चालू आणि काकू सोफ्यावर. काकू म्हणाल्या, "ये गं, बस. किती ऊन आहे बाहेर!" बायको स्वतःच्या घरात पाहुणीसारखी बसली. हा किस्सा तिने पुढे अनेकांना हसत हसत सांगितला. प्रत्येक वेळी शेवटी मीच म्हणायचो, "अगं, पण घर त्यांचंच आहे ना." हे वाक्य मी किती सहज म्हणायचो ते आठवलं की आता लाज वाटते.

मग गेल्या वर्षीचा जून आला. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दुपारी ती घरी एकटी असायची, कारण आम्ही दोघंही नोकरीवर. त्या दुपारी ती आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून काहीतरी टाइप करत होती. पाणी प्यायला बाहेर आली तर हॉलमध्ये तीन अनोळखी माणसं. एक जण स्वयंपाकघरातलं कपाट उघडून आत बघत होता. एक बाई बाथरूमचा दिवा लावत होती. आणि दाराशी किल्ली बोटावर फिरवत उभा असलेला एजंट तिच्याकडे बघून त्या लोकांना म्हणाला, "कोई नहीं, टेनंट हैं."

त्यांना खरं तर वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघायचा होता. त्याची किल्ली एजंटकडे नव्हती. आमची होती, आणि लेआउट सेम होता.

मुलीने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. नुसती भरभर बोलत होती. मी अंधेरीच्या ऑफिसातून एजंटला फोन लावला. आता त्याला झापणार, असं मनात ठरवलं होतं. त्याने फोन उचलला आणि मी काय म्हणालो असेन? "सॉरी हं, मुलगी जरा घाबरली. पुढच्या वेळी आधी एक फोन केलात तर बरं होईल."

सॉरी मी म्हणालो. मी.

तो म्हणाला, "काही हरकत नाही साहेब." त्याने मला माफ केलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणं झाली, भांडी घासून झाली, आणि बायकोने एक मोठं स्टीलचं ताट आतून दाराला टेकवून उभं केलं. ताटाच्या काठावर एक वाटी तोलून ठेवली.

"हे काय?"

"घंटा," ती म्हणाली. "खिळा नको, स्क्रू नको, भोक नको. तुझ्या सगळ्या नियमात बसतं. कोणी दार उघडलं की निदान आवाज तरी होईल."

ती चिडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, उद्या डब्याला काय करायचं असं विचारावं तशी. मुलगी एकटी असेल तेव्हा ताट ती लावायची. आम्ही असलो तरी लावायची. मग काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती दुपारी घरीच नसते. कॉलेज सुटलं की लायब्ररीत बसायची आणि आई निघाल्याचा मेसेज आला की मगच घराकडे वळायची. मी विचारलं तर म्हणाली, "तिकडे एसी आहे, बाबा." मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

जुलैमध्ये एक दिवस अंगात कणकण होती म्हणून मी दुपारीच ऑफिसातून निघालो. मुलीला सुट्टी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी नेहमीसारखी किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

ताट फरशीवर जे आदळलं, त्या आवाजाने मीच दचकलो. वाटी गोल गोल फिरत सोफ्याखाली गेली. आतून मुलगी धावत आली. तिच्या हातात लादी पुसायच्या मॉपचा दांडा होता, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला ओळखायला तिला एक क्षण लागला. त्या एका क्षणात मी तिचा बाप नव्हतो. ज्याच्याकडे किल्ली आहे असा आणखी एक माणूस होतो.

"बाबा! फोन नाही करता येत?" ती ओरडली, आणि मग तिथेच खाली बसून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

मी तिला पाणी दिलं. ताट उचललं. त्याचा काठ एका जागी चेपला होता. बूट पायातच होते, ते काढलेच नाहीत. तसाच खाली उतरलो आणि थेट हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ताप होता की नव्हता, काही कळत नव्हतं. एक साखळी घेतली, दारातून बाहेर बघायची एक काच घेतली, लॅचचं नवीन सिलिंडर घेतलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला. दुकानदाराने विचारलं, "ड्रिल आहे ना घरी?" माझ्या घरी ड्रिल! पन्नाशीचा झालो, आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. त्याने त्याचं दिलं. "संध्याकाळपर्यंत आणून द्या."

दुकानाबाहेर उभा राहून मी काकांना फोन लावला. एवढं तरी करायलाच हवं होतं. चोरून करायचं नव्हतं.

"काका, मी लॅचचं सिलिंडर बदलतोय आणि दाराला साखळी लावतोय."

"अहो, कशाला? दार खराब होईल. चांगलं चाललंय ना सगळं? त्या एजंटला मी सांगतो हवं तर."

"नाही काका. मी विचारत नाहीये, सांगतोय. घरात मुलगी एकटी असते."

मला माझं स्वतःचं वाक्य परत ऐकू आलं.

"बरं. मग एक किल्ली मला आणून द्या."

"किल्ली समोरच्या मावशींकडे ठेवतो. पाईप फुटला, काही झालं, तर त्या उघडतील. तुम्ही कधीही या काका, पण बेल वाजवून."

"हं," काका म्हणाले. "गणपतीनंतर अ‍ॅग्रीमेंट संपतंय. तेव्हा बघू."

ते "बघू" काय असतं ते भाडेकरूला सांगावं लागत नाही. मुलीचं शेवटचं वर्ष, आणि मध्येच पुन्हा टेम्पो, खोकी, नवीन घर, नवीन एजंट. जिना चढताना मला वाटत होतं, मी मुलीचं घर वाचवायला निघालोय की घालवायला?

पण तोवर मुलीने टेबल ओढून दारापाशी आणलं होतं. ड्रिल मी धरलं, माप तिने घेतलं. पहिलं भोक पाडताना लाकडाचा भुसा माझ्या मनगटावर पडला आणि मला वडिलांचा तळहात आठवला. हात थांबला. मुलगी म्हणाली, "काय झालं? दाब ना!" मी दाबलं. एक स्क्रू तिरका गेला. काढायला गेलो तर त्याचं डोकंच घासलं. "राहू दे, धरतोय तो," ती म्हणाली आणि साखळी लावून दार दोन-चार वेळा खेचून बघितलं. मग साखळीच्या फटीतून जिन्याकडे डोळा लावून म्हणाली, "कोण पाहिजे?" जिन्यात कोणीच नव्हतं. ती उगाच विचारत होती, परत परत, वेगवेगळ्या आवाजात. जूनपासून तिला असं मस्ती करताना मी पाहिलं नव्हतं.

जुनं सिलिंडर मी वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं. घर सोडताना परत बसवायला. सवय एकदम जात नाही.

बायको घरी आली, साखळी बघितली, तिरक्या स्क्रूवरून बोट फिरवलं. "झकास," म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं ताट आता स्वयंपाकघरात जाईल. पण झोपायच्या आधी तिने ते पुन्हा दाराला टेकवलं. मी बघत राहिलो तशी म्हणाली, "राहू दे रे थोडे दिवस. तो काका काय करतो ते बघू आधी." साखळी मी लावली होती, पण ती लावायला मी किती तरी वर्षं घालवली होती, त्यामुळे तिच्यावर बायकोचा विश्वास लगेच बसणार नव्हता, हे मला कळत होतं.

त्या दिवसापासून मी मात्र एक केलं. खिशात किल्ली असली तरी मी बेल वाजवतो. मुलीला काचेतून मला बघू देतो. ती विचारते, "कोण?" आणि मग उघडते.

गणपतीला आठवडा राहिला असेल. दुपारी ऑफिसात तिचा फोन आला.

"बाबा, दाराशी काका-काकू आहेत. काका किल्ली घालून बघतायत, लागत नाहीये." आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "फोन ठेवू नकोस. ऐकत राहा."

माझं वाक्य तयार होतं. पटकन उघड आणि सॉरी म्हण. अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "घाई करू नकोस. तुला वाटेल तेव्हा उघड."

साखळी ताणल्याचा आवाज आला. मग काकांचा. "अगं, मी आहे. किल्ली अडकतेय बघ कुठेतरी."

"अडकत नाहीये काका. लॅच बदललंय. बाबांनी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो हो, पण आता उघड ना. मखर न्यायचंय."

"काका, मी एकटी आहे आणि आत्ताच न्हायलेय. केस तसेच ओले आहेत. पाच मिनिटं द्या मला. समोरच्या मावशींकडे बसता का तोवर?"

मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये भिंतीला पाठ टेकवून उभा होतो. आता काका म्हणणार, की घर कोणाचं आहे. आणि ते म्हणालेच. "अगं, माझंच घर आहे हे, आणि मी शेजारी जाऊन बसू?"

तेवढ्यात काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा चढलेला. "घर तुमचं, पण आंघोळ तिची आहे ना! ती किल्ली काय अजून हातात धरलीय? ठेवा खिशात. चला, मावशींकडे बसू. आपली भाची एकटी असती आणि असं कोणी दार उघडून आत आलं असतं तर तुम्ही पोलीस बोलावले असते."

"मी काय चोर आहे?"

"बाहेरून किल्ली फिरली की तिला आतून काय कळणार, कोण आहे ते? चला म्हणते ना!"

फोनवर मुलीने श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग ती म्हणाली, "ऐकलंस?" आणि फोन ठेवला.

मी साहेबांना सांगून निघालो. अंधेरीहून मुलुंड म्हणजे जवळ नाही, पण रिक्षात बसून मी सगळा रस्ता सरळ बसलो होतो, पाठ न टेकवता. घर गेलं तरी चालेल, असं मला पहिल्यांदाच खरंखुरं वाटत होतं. टेम्पो बोलावू, खोकी भरू. जे घर मिळेल त्याला पहिल्या दिवशी साखळी लावू.

जिना चढलो. बेल वाजवली.

"कोण?"

"टेनंट," मी म्हणालो.

आत मुलगी खळखळून हसली आणि साखळी सरकली.

काका-काकू सोफ्यावर होते. मुलीने केस पुसून, आवरून, स्वतः जाऊन त्यांना मावशींकडून बोलावून आणलं होतं. मखर माळ्यावरून उतरवून दाराशी ठेवलेलं होतं. काका उठून दारापाशी गेले, चष्मा वर केला आणि साखळी बघू लागले. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. वडील मालकाच्या मागे उभे राहायचे तसाच, फरक एवढाच की या वेळी भोकं होती.

"हा स्क्रू तिरका आहे," काका म्हणाले.

"हो काका."

"काढून नीट बसवा हो. बघवत नाही." ते परत सोफ्यावर बसले. खिशातून जुनी किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. "एजंटचीही काढून घेतो. म्हणजे, आता ती चालायची नाहीच म्हणा." मग घसा साफ करून म्हणाले, "विसर्जन झालं की अ‍ॅग्रीमेंटचं करून टाकू. मखर ठेवायला येऊ तेव्हा. आधी फोन करेन."

"आणि बेल वाजवतील," काकू म्हणाल्या. "मी असेन सोबत."

मी मान हलवली. काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं, पण डोळे भरून आले होते. तेवढ्यात बायकोही कामावरून आली. तिने बेल वाजवली, "कोण?" झालं, साखळी सरकली. हॉलमध्ये काका-काकू, टीपॉयवर किल्ली, आणि माझा चेहरा. तिला काय ते समजलं. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

स्क्रू मी अजून सरळ केलेला नाही. काका दर फोनवर विचारतात. वडिलांचा फोटोही अजून फ्रिजवरच आहे. मुलगी म्हणते, ड्रिल आणायचं का? मी म्हणतो, आणू. अजून आणलं नाही. पण आणू, असं मी म्हणतो, हेही आमच्या घराण्यात नवीन आहे.

त्या दिवशी बायको चहा घेऊन बाहेर आली. कप एका मोठ्या स्टीलच्या ताटात होते. ताटाचा काठ एका जागी चेपलेला, त्यामुळे ते नीट बसत नव्हतं आणि कप सारखे किणकिणत होते. काकू म्हणाल्या, "अगं, ट्रे नाही का?"

"आहे," बायको म्हणाली आणि ताट टीपॉयवर, त्या किल्लीच्या बाजूला ठेवलं. "पण याला आता दाराशी काम नाही."